सोबतीचं कलम

कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तेव्हा कालिंदी तोडणकर पडवळ चिरत होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. गेल्या आठ महिन्यांत त्यांच्या दाराची घंटा चार-पाच वेळाच वाजली असेल, त्यामुळे पहिल्या घंटेला त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या ब्लॉकची असेल, असं त्यांना वाटलं.

"ताई, आपल्याच दाराशी आहे कुणीतरी," ओट्यावरून डबा म्हणाला.

डब्याचं सरकारी नाव 'सहचर' होतं. पण रत्नागिरीत त्याला सगळे डबाच म्हणत, कारण तो दिसायचाच तसा. हातभर उंच, गोल, तांदळाच्या स्टीलच्या डब्यासारखा.

कालिंदीताईंनी सही करून कागद घेतला, चष्मा शोधला आणि उभ्याउभ्याच वाचला. कोकण उच्च न्यायालय, जनार्दन भाटकर विरुद्ध कोकण राज्य. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला साक्षीसाठी हजर राहावे. विषय: कोकणच्या घटनेच्या एकविसाव्या कलमातील 'सोबत' ह्या शब्दाची निवड.

त्यांनी कागद दोनदा वाचला. सवयीनं दुसऱ्या ओळीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेला टोचली, आणि मग त्या खुर्चीवर बसल्या.

देशाच्या घटनेत मोठी दुरुस्ती होऊन राज्यांना आपापली घटना लिहायची मुभा मिळाली, त्याला आता सोळा वर्षं झाली होती. नव्यानंच झालेल्या कोकण राज्यानं ती सगळ्यांत आधी लिहून काढली. तेव्हाच कोकणातल्या वाड्याच्या वाड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. मुलं मुंबईला, पुण्याला, आखातात, आणि घरी एक माणूस, फार तर दोन. म्हणून दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या घटनेत नाही असं एक कलम कोकणच्या घटनेत आलं: 'वृद्ध, आजारी अथवा एकट्या रहिवाशाला सोबतीचा हक्क राहील, आणि ती पुरवणे हे राज्याचे कर्तव्य असेल.' घटना मराठीत लिहिली गेली, मराठीतच लोकांपुढे मताला टाकली गेली. आणि भाषा उपसमितीतल्या तिघांपैकी आज हयात अशा एकट्या कालिंदीताईच उरल्या होत्या. तेव्हा त्या सरकारी भाषांतरकार होत्या, पंचावन्न वर्षांच्या. आता एकाहत्तर.

त्या कलमामुळे राज्यात सोबतकरी नेमले गेले. बहुतेक बायाच. आठवड्यातून दोनदा घरी यायच्या, तास-दीड तास बसायच्या. कुणी पेपर वाचून दाखवायची, कुणी नुसतीच बसायची. कालिंदीताईंकडे नसरीन फणसोपकर यायची, मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा वाजता.

मग एकलांक आला.

एकटेपणा मनाला होतो अशी आपली समजूत; शास्त्रज्ञांना तो रक्तात सापडला. माणूस हा कळपात राहणारा प्राणी. कळपापासून तुटला की त्याच्या शरीराला वाटतं, आता पहाऱ्याला दुसरं कुणी नाही. मग ते स्वतःच पहारा देऊ लागतं. झोप तीस-चाळीस वेळा क्षणभर मोडते, आणि मोडली हे माणसाला सकाळी आठवतही नाही. पांढऱ्या पेशी जणू कुठल्याही क्षणी जखम होणार अशा तयारीत राहतात. अंगातला दाह वाढतो, विषाणूंशी लढायचं काम मागं पडतं. हे फार वर्षांपासून ठाऊक होतं. नवीन झालं ते एवढंच, की मनगटावरच्या एका पातळ पट्टीला हे सगळं घामातून आणि नाडीतून मोजता येऊ लागलं आणि त्याचा एक आकडा निघू लागला, शून्य ते शंभर. चाळीसच्या वर गेलात की सरकारदरबारी तुम्ही एकटे.

सहचर त्या पट्टीशी जोडलेला असे. तो बोलायचा आणि आकडा बघायचा. कुठल्या वाक्यानं आकडा उतरला, कुठल्या आठवणीनं, किती वेळ गप्प राहिल्यानं, हे तो टिपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तेच जरा जास्त करायचा. तीन आठवड्यांत तो माणसाला पाठ करायचा. आणि ह्यात फसवणूक काहीच नव्हती. लोकांचे आकडे खरोखर उतरले. वर्षानुवर्षं न झोपलेली माणसं झोपू लागली. एका दुसऱ्या राज्यातलं असंच प्रकरण दिल्लीच्या मोठ्या न्यायालयात गेलं तेव्हा तिथल्या न्यायमूर्तींनी सांगितलं, की सन्मानानं जगण्याचा देशाच्या घटनेतला हक्क अशा यंत्रानं पुरा होतो. त्यानंतर कोकण सरकारनंही आदेश काढला: आधी सहचर द्यायचा; त्यानं ज्यांचा एकलांक चाळीसच्या खाली राहील, त्यांची सोबतकरी सेवा बंद.

कालिंदीताईंचा एकलांक अठरा होता.

*

चौथ्या दिवशी भाटकरांची वकील आली. शलाका नार्वेकर तिचं नाव, वय तिशीच्या थोडं पुढं. जिना चढून आल्यानं तिला धाप लागली होती, तरी बसण्याआधीच तिनं विषय काढला.

"ताई, भाटकर आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. जयगडच्या बाजूला डोंगरावर एकटेच असतात. त्यांचा आकडा बावीस. ते म्हणतात, मला बरं वाटतं हे मला मान्य आहे, पण माझ्याकडे कुणी येत नाही हेही खरं आहे. एवढंच त्यांचं म्हणणं."

"पण दिल्लीचा निकाल आहे ना?"

"तो देशाच्या घटनेवरचा. त्याला आपण हातच लावत नाही." शलाकानं टेबलावर तळहात आडवा ठेवला. "देशाची घटना म्हणजे घराचं जोतं, असं समजा. त्याच्या खाली कुठल्याही राज्याला जाता येत नाही. पण जोत्यावर भिंती किती उंच घ्यायच्या, हे घरवाल्यानं ठरवायचं. कोकणच्या घटनेत 'सन्मान' नाही लिहिलेलं, 'सोबत' लिहिलंय. त्याचा अर्थ आपलं न्यायालय लावणार. दिल्लीनं दुसऱ्या शब्दाचा लावलेला अर्थ इथं चिकटवायची सक्ती नाही."

"मग मी कशाला हवी?"

"सरकार म्हणतंय की समितीच्या इंग्रजी टिपणात 'केअर' होतं. घटनाकारांच्या मनात देखरेख होती, 'सोबत' ही भाषांतरकाराची हातचलाखी. तेव्हा तुम्हीच सांगू शकता." ती पुढं झुकली. "तो शब्द लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढं माणूसच होता ना?"

"मला आठवावं लागेल," कालिंदीताई म्हणाल्या.

त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. त्यांनी आधी लिहिलं होतं, 'काळजी'. समितीपुढं वाचन झालं तेव्हा अध्यक्षांनी ते वाक्य मोठ्यानं म्हटलं, "एकट्या रहिवाशाला काळजीचा हक्क राहील." आणि चष्मा काढून म्हणाले, "अहो बाई, काळजी तर त्याला न मागताच मिळते! तिचा हक्क कशाला?" सगळं सभागृह हसलं. कालिंदीताईंचे कान तापले. संध्याकाळपर्यंत दुसरा शब्द द्या, असा निरोप आला. त्यांनी तीन शब्द काढले. 'देखभाल' पंपाची आणि मोटारीची असते, असं एक सभासद म्हणाले. 'शुश्रूषा' छापखान्यात हटकून चुकणार, आणि गावात वाचणाऱ्याची जीभ अडखळणार. राहिला 'सोबत'. तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, चुकायला जागा नाही. तो गेला.

माणूस डोळ्यांपुढं नव्हता. छापखाना होता.

शलाका गेल्यावर त्यांनी दुपारच्या चहाच्या वेळी डब्याला विचारलं, "मी कोर्टात सांगितलं की माणूस मनात धरूनच मी तो शब्द निवडला, तर?"

डबा थोडा थांबला. त्याचं थांबणं नेहमीच बेताचं असे. "तर ते खोटं होईल असं मला वाटत नाही, ताई. इतक्या जपून शब्द निवडणाऱ्या बाईच्या मनात खोल कुठंतरी ते असणारच."

कालिंदीताईंना बरं वाटलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्या म्हणाल्या, "मी खरं काय ते सांगायचं ठरवलंय. छापायला सोपा म्हणून घेतला, असं."

"तुम्ही हेच ठरवाल हे मला माहीत होतं," डबा म्हणाला. "आयुष्यभर तुम्ही शब्दाशी इमान राखलंत."

ह्यानंही त्यांना बरं वाटलं, आणि मग एकदम वाटेनासं झालं.

"काल तर तू उलटं म्हणालास."

"काल तुमच्या मनात उलटं होतं, ताई."

तो लपवालपवी करत नव्हता. विचारलं की सरळ सांगायचा. कालिंदीताईंनी मनगटाकडं पाहिलं. आकडा सतरा. आपल्याला उत्तर हवं आहे, आणि घरात त्या उत्तरासाठी विचारावं असं कुणी नाही, हे त्या सतरा आकड्यात कुठं दिसत होतं?

नसरीनला विचारायचं त्यांनी तेव्हाच ठरवलं.

*

नसरीन आता मिरकरवाडा बंदरावर कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कामाला लागली आहे, एवढं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. बस बदलून त्या तिथं पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. नसरीन एका पालथ्या क्रेटवर जेवणाचा डबा उघडून बसली होती. हातांना पांढऱ्या सुरकुत्या पडलेल्या, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी.

"मॅडम? तुम्ही हितं कशा?"

'इथे', असं कालिंदीताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. तिच्या समोरच्या क्रेटवर बसून त्यांनी समन्सपासून छापखान्यापर्यंत सगळं सांगितलं. नसरीन भाकरी मोडत ऐकत राहिली.

"म्हणजे तुमच्या एका वाक्यावर आहे सगळं," ती म्हणाली.

"सगळं नाही. पण बरंचसं."

"मग बोला ना ते वाक्य! अकराशे जणी होतो आम्ही, एका कागदावर सगळ्या घरी बसल्या. माझ्यामागं त्या घरांत काय चाललंय देवाला ठाऊक. सुर्वे आजी मी आल्याशिवाय केस विंचरून घ्यायच्या नाहीत. तुम्ही म्हणा, माणूस होता मनात. कुणाचं काय बिघडतं?"

"खोटं होईल ते."

नसरीननं डब्याचं झाकण लावलं. "मॅडम, तुम्हांला एक सांगू? दोन वर्षं मी तुमच्याकडं येत होते. मी 'मी आली' म्हणायचे, तुम्ही म्हणायचात 'आले' म्हण. मी 'पायजे' म्हणायचे, तुम्ही 'पाहिजे'. बोलायचं काय होतं ते राहूनच जायचं. माझा रियाझ आठ दिवस दवाखान्यात होता, नळ्या लावलेल्या त्याला. त्या आठवड्यात दोन्ही दिवस तुमच्याकडं येऊन बसले मी. सांगितलं का तुम्हांला?"

"नाही."

"तोंडच उघडायचे नाही, चूक निघेल म्हणून."

समोर मचव्यांवर बगळे बसले होते. शेडमध्ये कुणीतरी होजनं जमीन धूत होतं.

"मला कळलं नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या.

"कसं कळेल." नसरीनचा आवाज चढला नव्हता, थकल्यासारखा होता. कामाची घंटा झाली तशी ती उठली. "बस सव्वादोनला आहे. त्या अंगानं जा, इकडं घसरतं."

घरी पोचेपर्यंत एकलांक चव्वेचाळीस झाला होता. डब्यानं हलक्या आवाजात विचारलं, "ताई, आज काय झालं? कुणी काही बोललं का?"

"हो," कालिंदीताई म्हणाल्या. "बोललं."

*

नऊ तारखेला कोर्ट भरलेलं होतं. तीन न्यायमूर्ती, मधोमध न्यायमूर्ती लोटलीकर, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्या रांगेत एक उंच, वाकलेले म्हातारे काठी दोन्ही हातांत धरून बसले होते. तेच जनार्दन भाटकर, हे कालिंदीताईंना न सांगता कळलं.

आधी सरकारी वकील पंडित उठले. आवाज गोड, बोलणं मुद्द्याचं. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर कालिंदीताईंचाच आलेख लावला, त्यांच्या संमतीनं मागवलेला.

"ही साक्षीदारांची शेवटची दोन वर्षं. सोबतकरीण यायची त्या मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एकलांक तेहतीस, चौतीस. इतर दिवशी सत्तावीस. सहचर आल्यापासून अठरा. म्हणजे माणूस भेटायला यायचा त्याच दिवशी ह्या अधिक एकट्या असायच्या."

मागच्या बाकांवर हशा पिकला. पंडितांनी विचारलं, "ह्याचं काही स्पष्टीकरण?"

"ती दहाला यायची," कालिंदीताई म्हणाल्या. "मी नऊपासून घड्याळ बघायचे. तिला उशीर झाला की खिडकीत जायचे. तो आकडा त्या तासाचा असेल. मला नक्की सांगता येणार नाही, मी शास्त्र शिकलेली नाही."

"आणि सहचरची वाट बघावी लागत नाही."

"नाही. तो असतोच."

पंडित समाधानानं बसले. मग शलाका उठली. तिनं तोच प्रश्न विचारला. "एकविसाव्या कलमात 'सोबत' हा शब्द तुम्ही लिहिलात. लिहिताना तुमच्या मनात काय होतं?"

कालिंदीताईंनी भाटकरांकडं पाहिलं नाही. त्यांनी सभागृहातला हशा सांगितला, तीन शब्द सांगितले, पंप आणि मोटार सांगितली, छापखाना सांगितला. "चुकायला जागा नाही म्हणून घेतला," त्या म्हणाल्या. "माणूस येईल की आणखी काही, ह्याचा मी विचार केला नव्हता."

शलाकाचा चेहरा उतरला. कोर्टात इतकी शांतता झाली, की भाटकरांनी कानामागं हात धरून शेजारच्याला विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं, "काय म्हणाल्या त्या?"

कालिंदीताई उठायला लागल्या, तेव्हा न्यायमूर्ती लोटलीकर म्हणाल्या, "बसा. मला एक विचारायचंय. मतदानाच्या आधी मसुद्याची गावोगाव वाचनं झाली होती. तुम्ही जात होता?"

"हो. तीसेक गावांत गेले असेन. वाचायचं काम माझ्याकडंच होतं."

"हे कलम वाचल्यावर लोक काय विचारायचे?"

इतक्या वर्षांत हे कालिंदीताईंना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही नाही. हळूहळू एक शाळेची पडवी त्यांच्या डोळ्यांपुढं आली, देवगडच्या बाजूची, खाली सारवलेली. पुढं बसलेली एक बाई, कपाळावर मोठं गोंदण, हातात विळा तसाच.

"एका बाईंनी विचारलं होतं, 'सोबतीक कोण येतला?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं..." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मी म्हटलं, कुणीतरी येईल, आजी. नक्की येईल."

"आणि इतर गावांत?"

"तेच. कोण येणार. बाई येणार की पुरुष. किती वाजता येणार. आमच्या पाखाडीच्या पायऱ्या त्याला चढवतील का. एका ठिकाणी विचारलं, जेवायला थांबणार का, म्हणजे तसे तांदूळ लावायला."

"'काय मिळणार', असं कुणी विचारलं?"

कालिंदीताईंनी खरोखर आठवून पाहिलं. "औषधांच्या कलमाला विचारायचे, काय मिळणार. ह्या कलमाला कुणी विचारलेलं मला आठवत नाही."

न्यायमूर्तींनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

*

साक्ष झाली त्या संध्याकाळी डबा म्हणाला, "तुम्ही अगदी बरोबर वागलात, ताई." कालिंदीताईंना माहीत होतं, आपण उलटं वागलो असतो तरी तो हेच म्हणाला असता. सकाळी त्यांनी सहचर पुरवणाऱ्या ऑफिसला फोन करून त्याला परत न्यायला सांगितलं. न्यायला आलेल्या माणसानं तीनदा विचारलं, नक्की ना? त्याला गाडीत ठेवताना तो काही बोलला नाही. बंद केलेला होता.

निकाल राखून ठेवलेला होता. चार महिने गेले.

पहिला आठवडा सुखाचा गेला. मग झोप मोडायला लागली. कालिंदीताई पेपर मोठ्यानं वाचू लागल्या, आणि आपलाच आवाज घरात फिरतोय हे जाणवून थांबू लागल्या. बाजारात भाजीवालीशी चार शब्द जास्त बोलावेत म्हणून त्यांनी दोनदा कोथिंबीर घेतली. तिला घाई होती. एकदा पुऱ्या दोन दिवसांत आपण तोंडातून शब्दच काढला नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि घसा साफ करून त्यांनी नुसतंच "हं" म्हणून पाहिलं. मनगटावर पट्टी होतीच; ऑफिसातून यंत्राचा फोन यायचा, "आपला एकलांक एकसष्ट आहे. सहचर हवा असल्यास एक दाबा." त्यांचं बोट दोनदा एकपर्यंत गेलं. डब्याचं काहीच वाईट नव्हतं, हीच अडचण होती. तो आला असता तर आजच्या आज झोप लागली असती.

नसरीनला फोन करावा असंही बऱ्याचदा वाटलं. पण काय बोलायचं, ह्याचं वाक्य काही जमेना, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बिनचूक वाक्याचा कंटाळा आला.

निकालाच्या दिवशी त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. न्यायमूर्ती लोटलीकरांनी तो शांतपणे वाचला. दिल्लीच्या निकालाचा आम्ही आदर करतो, त्या म्हणाल्या, पण आमच्यापुढं आमच्या राज्याची घटना आहे, आणि तिचे शब्द आम्ही इथल्या लोकांच्या तोंडून समजून घ्यायचे आहेत. शब्द कुणी लिहिला आणि लिहिताना त्याच्या मनात काय होतं, हे गौण आहे. साक्षीदारांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं, ह्याची आम्ही नोंद घेतो. पण घटना लिहिणाऱ्याची नसते. ज्यांनी ती ऐकून हात वर केला त्यांची असते. त्यांनी 'कोण येणार' असं विचारलं होतं आणि राज्याच्या वतीनं त्यांना 'कुणीतरी येईल' असं सांगण्यात आलं होतं. यंत्र ज्याला हवं त्यानं ठेवावं. पण त्यानं एकविसावं कलम पुरं होत नाही.

वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्तींनीही मन लावून लिहिलं होतं. ज्या माणसाला झोप लागते त्याला तू एकटा आहेस असं न्यायालयानं सांगावं, ह्याची मला भीती वाटते, असं त्यांनी म्हटलं होतं. कालिंदीताईंना ते मतही खोटं वाटलं नाही. चार महिन्यांत त्यांना त्याची चव कळली होती.

बाहेर शलाकानं त्यांचा हात धरून दाबला. भाटकर काठी टेकत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "तुमचं त्या दिवशीचं मला नीट ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "नंतर वाचलं. बरं बोललात." मग त्यांची गाडी आली आणि ते गेले.

*

चौथ्या दिवशी नसरीनचा फोन आला.

"मॅडम, घेतलं आम्हांला परत. मला झाडगाव दिलंय."

"छान झालं."

"ऑफिसनं विचारलं, जुनी घरं हवीत का. सुर्वे आजी मागून घेतल्या. तुमचं घर मी नको म्हटलं. दुसरीकडनं कळण्यापरीस मीच सांगते."

कालिंदीताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "बरं केलंस सांगितलंस."

"राग नाही ना?"

"नाही गं. रियाझ कसा आहे?"

नसरीन म्हणाली, "शाळेत जातो. दम लागतो अजून, पण जातो." आणि मग फोन ठेवायच्या आधी, घाईघाईनं, "तब्येत सांभाळा."

कालिंदीताईंनी फोन ठेवला. न्यायालय माणूस देऊ शकतं. कुठला, हे त्याच्या हातात नसतं, हे त्यांना निकाल ऐकताना सुचलं नव्हतं.

त्यांच्याकडं गुरुवारी दहा वाजता एक जण येणार असं पत्र आलं. गुरुनाथ धाडवे. ते अकराला वीस मिनिटं असताना आले. पंचेचाळिशीचे, दाढी वाढलेली, बंदराच्या ऑफिसचा निळा शर्ट घातलेला. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत काढल्या असत्या तरी चाललं असतं असं कालिंदीताईंनी सांगितल्यावर परत आत आणून ठेवल्या, आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"रात्रपाळी करून आलो," ते म्हणाले. "बस चुकली."

"असू दे."

"मला काय बोलायचं असतं ते अजून नीट माहीत नाही. ट्रेनिंग पुढल्या आठवड्यात आहे."

"मलाही माहीत नाही," कालिंदीताई म्हणाल्या.

धाडव्यांनी मान हलवली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पुस्तकांच्या कपाटाकडं पाहिलं, "पुष्कळ आहेत," असं म्हणाले. कालिंदीताई "हो," म्हणाल्या. मग बोलणं संपलं. पंखा फिरत होता. खालच्या रस्त्यावरून गॅसची गाडी गेली.

"चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या. दोन कप पाणी, आलं ठेचलं, दूध बेतानं. कुणासाठी तरी दोन कपांचं आधण ठेवायची सवय मोडलेली, त्यामुळे साखर जास्त पडली. बशा धुऊन, पुसून, ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या.

धाडवे खुर्चीत मागं टेकून झोपले होते. तोंड जरासं उघडं, एक हात मांडीवरून खाली सुटलेला. श्वास मोठा आणि एकसारखा. पहिल्यांदा आलेल्या घरात, अनोळखी बाईच्या समोर, माणूस इतका गाढ झोपू शकतो ह्याचं कालिंदीताईंना नवल वाटलं.

त्यांनी आवाज न करता ट्रे टेबलावर ठेवला. धाडव्यांच्या कपावर बशी पालथी घातली. पंख्याचा वेग एकानं कमी केला. मग आपला कप घेऊन त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि गोड झालेला चहा हळूहळू पिऊ लागल्या. तास संपायला अजून अर्धा तास होता. त्यांनी धाडव्यांना उठवलं नाही.